रिकाम्या सेफार्दी सिनेगॉगमध्ये सामान मांडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. लंडनमध्ये वास्तुसंवर्धन शिकणाऱ्या एका मराठी विद्यार्थिनीकडे युरोपातल्या एका जुन्या सेफार्दी सिनेगॉगचा, म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यूंच्या प्रार्थनाघराचा, प्रकल्प आला आहे. छप्पर आणि भिंतींची दुरुस्ती झाली, पण आतलं सामान महायुद्धाच्या काळातच गेलं. जुने फोटो दोन-तीनच, तेही अंधूक. तिथला लहानसा समाज सणावाराला पुन्हा प्रार्थना सुरू करणार आहे. बाकं, पवित्र ग्रंथांचं कपाट, वाचनाचा चौथरा हे सगळं जुन्यासारखं घडवायचं, दुसरीकडून आणायचं, की सरळ नवं करायचं? आणि सुरुवात कुठून करायची?

मी मूळचा सुतार. गेली तीसेक वर्षं जुन्या इमारतींतलं लाकूडकाम दुरुस्त करतो. सुरुवात रायगड जिल्ह्यातल्या वाड्यांपासून झाली, पुढे मुंबईतली चर्च आणि बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, समाजाच्या काही प्रार्थनाघरांतली बाकं हातून गेली. लंडन, ॲमस्टरडॅम आणि कोचीची सिनेगॉग मी शिकण्यासाठी मुद्दाम जाऊन, तासन्‌तास बसून पाहिली. त्या जोरावर सांगतो.

आधी सामानाची यादी मिटून ठेवा आणि मधली मोकळी जागा मोजा. स्पॅनिश-पोर्तुगीज पद्धतीच्या सिनेगॉगमध्ये दोन टोकं असतात. जेरुसलेमच्या दिशेच्या भिंतीला हेखाल, म्हणजे तोराच्या, ज्यूंच्या पवित्र ग्रंथाच्या, गुंडाळ्या ठेवण्याचं कपाट. समोरच्या भिंतीकडे तेबा, म्हणजे कठड्याचा उंच चौथरा, जिथून प्रार्थना चालवतात आणि तोरा वाचतात. बाकं या दोघांच्या मध्ये, लांबीला समांतर, एकमेकांकडे तोंड करून. म्हणजे माणूस बसला की त्याच्यासमोर कपाट नसतं, पलीकडच्या रांगेतला शेजारी असतो. एका बाजूला मान वळवली की हेखाल, दुसऱ्या बाजूला वळवली की तेबा. गुंडाळी कपाटातून काढून दोन्ही बाजूंच्या माणसांमधून तेब्यापर्यंत नेतात, वाचून झाल्यावर पुन्हा तशीच परत नेतात. ही ये-जा जिथून होते तो पट्टा इमारतीचा गाभा आहे. त्याची रुंदी चुकली तर कितीही सुंदर कोरीवकाम करा, खोली चुकलेलीच राहते.

हे इतकं ठासून सांगण्याचं कारण आहे. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये चौथरा पूर्वी मध्यभागी असे. एकोणिसाव्या शतकातल्या सुधारणांनंतर पुष्कळ ठिकाणी तो पुढे, कपाटाजवळ सरकला आणि बाकं शाळेच्या वर्गासारखी एका दिशेला तोंड करून लागली. आज बाकं बनवणाऱ्या बहुतेक कारखान्यांना तीच मांडणी ठाऊक असते, कारण चर्चचीही तीच. तुम्ही नकाशा पाठवलात की ते तशाच रांगा आखून देतील, आणि त्यात माणसं जास्त बसतात म्हणून समितीलाही ते पटेल. तिथे ठाम राहा.

जुनी मांडणी कळायला फोटो कमी असले तरी जमीन बोलते. बाकं जिथे होती तिथल्या फळ्या कमी झिजलेल्या असतात. चालण्याचा पट्टा खोलगट आणि गुळगुळीत झालेला असतो. बाकाचे पाय ज्या खिळ्यांनी ठोकलेले होते त्यांची भोकं रांगेत सापडतात, अगदी वरून भुसा आणि मेण भरलेलं असलं तरी. भिंतीच्या गिलाव्यावर बाकाच्या पाठीची सावली असते, कारण रंगाऱ्याने बाक हलवलेलं नसतं, वरूनच ब्रश मारलेला असतो. दगडी फरशी असेल तर तेब्याच्या पायरीजवळचा एक दगड हमखास इतरांपेक्षा जास्त घासलेला मिळतो. संध्याकाळी दिवे मालवून टॉर्च जमिनीला जवळजवळ टेकवून धरा. तिरप्या उजेडात हे सगळं वर येतं. प्रत्येक खूण कागदावर घ्या, मापासकट.

मग खडूने पूर्ण मापाचा आराखडा जमिनीवर काढा. तेब्याच्या जागी दोरी बांधा, बाकांच्या जागी साध्या खुर्च्या मांडा, आणि तिथल्या लोकांना एकदा खरीखुरी प्रार्थना करायला सांगा. सामूहिक प्रार्थनेला दहा जण लागतात, तेवढे जमले की पुरे. कोण कुठे वळतं, गुंडाळी घेऊन जाणाऱ्याचा खांदा कुठे अडतो, म्हातारी माणसं उठताना कशाला धरतात, वाचणाऱ्याचा आवाज कोणत्या कोपऱ्यात पोहोचत नाही, हे सगळं त्या एका सकाळी कळतं. यासाठी शब्बाथचा, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीचा, दिवस धरू नका. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत तिथे मोजमाप, लिहिणं, फोटो काहीच चालणार नाही, आणि तुमच्या कामगारांचं वेळापत्रकही त्याप्रमाणेच आखावं लागेल.

दुसरी गोष्ट, तुमचे सेफार्दी नेमके कुठले ते विचारा. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकललेले आणि काही वर्षांनी पोर्तुगालमध्ये सक्तीने बाटवलेले ज्यू जगभर पांगले. ॲमस्टरडॅम-लंडनकडे गेलेल्यांची रीत एक, ऑटोमन साम्राज्यात गेलेल्यांची दुसरी. शिवाय प्रार्थनेची रीत सेफार्दी पण मूळ वेगळं असेही समाज आहेत: बगदादी ज्यू, आणि आपले कोकणातले बेने इस्राएल. सुताराला या फरकाशी काय करायचं, असं वाटेल. पण गुंडाळीचं रूप बदललं की कपाट बदलतं. पश्चिम युरोपातल्या सेफार्दींमध्ये गुंडाळीवर फार रुंद घेराचा कापडी झगा असतो. बगदादी लोकांत ती लाकडाच्या किंवा धातूच्या उभ्या नळकांडी पेटीत, तिकमध्ये, असते आणि पेटी उभी ठेवूनच वाचतात. झगेवाल्या पाच गुंडाळ्यांना जेवढी रुंदी लागते तेवढ्यात तिक जास्त मावतील, पण त्यांच्या वजनाला खालची फळी दुप्पट जाड हवी. वर चांदीचे रिम्मोनीम, म्हणजे दांड्यांवर बसवायचे घुंगरांचे कळस, लावून उंची मोजा. नुसत्या गुंडाळीची उंची धरून केलेलं कपाट मी पाहिलं आहे; कळस लावले की दार लागत नव्हतं.

पडद्याचंही तसंच. अश्केनाझी कपाटाला पडदा दाराच्या बाहेर असतो. स्पॅनिश-पोर्तुगीज रीतीत तो दाराच्या आत असतो. म्हणजे दार हाच लोकांना रोज दिसणारा चेहरा. त्यावरचं काम तसं हवं, आणि आतल्या बाजूला पडद्याची दांडी व घड्या मावतील एवढी पोकळी फळी आणि दारात सोडायला हवी. हेखालची जुनी चौकट सापडली आणि तिच्या आत दारामागे दांडीची भोकं दिसली, तर त्या समाजाची रीत तुम्हाला लाकडानेच सांगितली असं समजा.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो: नक्कल, उसनं की नवं? तिन्हींची खरी उदाहरणं आहेत.

लंडनमध्ये आहात तर बेव्हिस मार्क्सला आधी जा, आणि एकदा पर्यटकांची वेळ टाळून प्रार्थनेच्या वेळी परवानगीने जा. १७०१ मध्ये उघडलेलं हे सिनेगॉग. बांधणारा जोसेफ ॲव्हिस हा क्वेकर होता. मागच्या बाजूला काही बाकं बिनपाठीची, ओबडधोबड दिसतील. ती या इमारतीसाठी केलेली नाहीत. सतराव्या शतकाच्या मध्याला हा समाज लंडनमध्ये पुन्हा उघडपणे राहू लागला तेव्हा क्रीचर्च लेनमधल्या एका घरात त्यांनी पहिलं प्रार्थनास्थळ केलं होतं, तिथली ती बाकं. नवी, मोठी, पैसेवाल्यांची इमारत झाली तरी जुनी बाकं फेकली नाहीत, सोबत आणली. मला ही बाकं त्या इमारतीतल्या सगळ्या पितळेपेक्षा जास्त मोलाची वाटतात. तुमच्या समाजाकडे एखादा स्टूल, एखादी पेटी, सुंतेच्या वेळची एलियाहू प्रेषिताची खुर्ची असं काही घरोघरी उरलं असेल तर ते शोधा. आपल्याकडच्या बेने इस्राएल प्रार्थनाघरांतही एलियाहू हन्नाबीची खुर्ची जपलेली असते. अशी एक खरी वस्तू मध्ये आली की आजूबाजूच्या नव्या लाकडाला नवं असल्याची लाज वाटेनाशी होते.

बेव्हिस मार्क्सचं हेखाल लांबून संगमरवरी वाटतं. ते ओकचं आहे, संगमरवरासारखं रंगवलेलं. हे मनात पक्कं ठेवा, कारण जुन्या लाकडावरचा रंग दिसला की तो काढून 'मूळचं लाकूड' उघडं करायचा मोह प्रत्येकाला होतो. रंगवलेलं लाकूड हेच पुष्कळदा मूळ असतं.

मी हे स्वतः चुकून शिकलो आहे. वीस वर्षांपूर्वी कोकणातल्या एका लहान प्रार्थनाघरातली बाकं आमच्याकडे आली. हिरव्या ऑइलपेंटचे जाड थर होते. आम्ही कॉस्टिक सोडा लावून सगळं उतरवलं, खाली सुंदर सागवान निघालं, लाखेचं पॉलिश केलं, सगळे खूश. काही महिन्यांनी इस्राएलहून एक आजी आल्या. चांगलं खणखणीत मराठी बोलत होत्या. त्या बाकांच्या पाठीवरून हात फिरवत चालल्या आणि विचारलं, "इथं आकडे होते ना, बाबांचा अकरा नंबर होता." वरच्या थरांखाली रंगवलेले आसनक्रमांक होते. आम्ही ते कधी पाहिलेच नाहीत, सोड्यात विरघळवून टाकले. त्यानंतर माझ्या कारखान्यात कुठलंही बाक आलं तरी आधी नखाएवढ्या जागेत पटाशीने एकेक थर सोलून पाहतो, त्याचा फोटो घेतो, आणि मगच पुढे जातो. आजींना मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. त्यांचा हात आठवतो.

उसन्या सामानाचं मोठं उदाहरण जेरुसलेमच्या जुन्या शहरात आहे. तिथे चार सेफार्दी सिनेगॉग एकमेकांना लागून आहेत: योहानान बेन झक्काई, एलियाहू हन्नाबी, मधलं म्हणजे एम्त्साई, आणि इस्तंबूलहून आलेल्यांनी बांधलेलं इस्तंबुली. जमीन रस्त्यापेक्षा खाली, कारण ऑटोमन काळात सिनेगॉगच्या उंचीवर बंधनं होती; वर जाता येत नाही तर खाली जाऊन उंची मिळवायची. १९४८ च्या युद्धात वेढ्यात अडकलेले लोक इथेच आसऱ्याला होते. पुढे जागा लुटली गेली, उजाड झाली. १९६७ नंतर दुरुस्ती झाली आणि १९७२ मध्ये चारही पुन्हा उघडली. भिंती उभ्या करता आल्या, पण सामान काहीच नव्हतं. तेव्हा इटलीतल्या, लोक घटत गेलेल्या समाजांकडची जुनी हेखालं तिथे आणून बसवली. एलियाहू हन्नाबीमधलं लिव्होर्नोचं, इस्तंबुलीमधलं अँकोनाचं. एम्त्साई तर मुळात मधलं अंगण होतं, त्यावर छप्पर घालून झालेलं. अशा जागेत इटालियन कोरीवकाम परकं दिसायला हवं होतं, पण दिसत नाही, कारण तिथे रोज माणसं प्रार्थना करतात आणि ती कपाटं रोज उघडली जातात.

तरीही उसनं आणण्याचा सल्ला मी सहसा देत नाही. आणायचंच असेल तर दोन अटी पाळा. एक, देणारा समाज किंवा त्याचा कायदेशीर वारस कागदावर संमती देतो आहे आणि वस्तूचा १९३३ ते १९४५ मधला प्रवास सलग माहीत आहे. त्या वर्षांत युरोपभर ज्यूंची मालमत्ता लुटली गेली. लिलावातल्या सुंदर पण 'खासगी संग्रहातल्या' हेखालाला हातसुद्धा लावू नका. दोन, वस्तू जागेत बसवायला कापावी लागणार असेल तर ती आणू नका. चार इंच उंची जास्त झाली म्हणून जुना कळस कापून ठेवलेला मी पाहिला आहे. असा कळस नंतर कुणी जोडत नाही.

नक्कल करण्याचं चांगलं उदाहरण केरळात आहे. परवूरचं सिनेगॉग मलबारी ज्यूंचं, म्हणजे काटेकोर अर्थाने सेफार्दी नाही, पण सुताराने ते पाहावंच. तिथलं मूळ हेखाल आणि तेबा इस्राएलला गेलं. मुझिरिस वारसा प्रकल्पात इमारत दुरुस्त होऊन २०१३ मध्ये खुली झाली तेव्हा त्यांच्या प्रतिकृती केल्या. इथे प्रतिकृती पटते, कारण मूळ वस्तू अस्तित्वात आहे. तिचं प्रत्येक माप, प्रत्येक वळण घेता येतं. सुताराला कल्पना लढवावी लागत नाही. कोचीच्याच कडवुंभागम सिनेगॉगचं आतलं लाकूडकाम जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये लावलेलं आहे. आतलं लाकूड दुसऱ्या देशात जपलं गेलं, इथल्या भिंती मात्र देखभालीअभावी २०१९ मध्ये बऱ्याचशा कोसळल्या.

तुमच्याकडे तसं मूळ नाही. दोन अंधूक फोटोंवरून 'सतराव्या शतकासारखं' हेखाल कोरून घेतलंत तर ते सुताराच्या मनातलं सतरावं शतक असेल. म्हणून माझा सल्ला असा: जागा, मापं, दिशा, उंची आणि चालण्याचा पट्टा जमिनीवरच्या खुणांप्रमाणे तंतोतंत जुनी ठेवा. लाकूडकाम नवं करा, साधं, भरीव, आजच्या चांगल्या सुताराच्या हातचं. फोटोत जे स्पष्ट दिसतं, समजा कठड्याच्या खांबाचा घाट, तेवढंच उचला. नव्या प्रत्येक भागावर न दिसणाऱ्या बाजूला वर्ष कोरून ठेवा, म्हणजे शंभर वर्षांनी येणारा माझा-तुमचा व्यवसायबंधू फसणार नाही.

बाकांबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण पैसा तिथे जातो आणि चुकाही तिथेच होतात. बसण्याच्या फळीखाली पेटी हवी, वर उचलायच्या झाकणाची. शब्बाथला रस्त्याने वस्तू नेणं कडक रीतीत चालत नाही, म्हणून प्रार्थनेची शाल आणि पुस्तक माणूस इथेच ठेवून जातो. पेटी गाळून पैसे वाचवलेत तर सहा महिन्यांत खिडकीच्या कट्ट्यांवर पुस्तकांचे ढीग दिसतील. प्रार्थनेत उठबस खूप असते, म्हणून बाकाच्या टोकाला हात टेकायला गोलसर दांडा द्या. आणि पदाधिकाऱ्यांचं मानाचं बाक वेगळं असतं, लंडनमध्ये त्याला 'बांका' म्हणतात. ते कुठे होतं हे समाजाला विचारा. कोकणातल्या प्रार्थनाघरांत मुकादम, गब्बाय या पदाधिकाऱ्यांच्या जागा ठरलेल्या असत, तसंच हे. जागेचा मान कुणाच्या डोक्यात असतो, कागदावर नसतो.

यासाठी सगळ्यात उपयोगी माणूस म्हणजे शमाश, सिनेगॉगची देखभाल करणारा. कोणता दिवा कधी तेवतो, कोणतं दार पावसाळ्यात फुगतं, कुठल्या कोपऱ्यात ओल येते, हे ट्रस्टींपेक्षा त्याला जास्त माहीत असतं. तुमच्याकडे शमाश राहिला नसेल तर त्याच्या घरच्या कुणाला तरी गाठा.

लाकूड निवडताना आधी विचारा: खोली तापवणार का? ॲमस्टरडॅमच्या एस्नोगाची, म्हणजे तिथल्या पोर्तुगीज सिनेगॉगची, मुख्य खोली तापवत नाहीत. हिवाळ्यात लोक आवारातल्या लहान, उबदार प्रार्थनागृहात जातात. मला हा शहाणपणा वाटतो. तापवलेल्या खोलीत लाकडातला ओलावा ८ ते १० टक्क्यांवर येतो, न तापवलेल्या दगडी इमारतीत १५ च्या आसपास राहतो. एका टोकाकडून दुसऱ्याकडे नेलं की फूटभर रुंदीची ओकची फळी तीन-चार मिलिमीटर आक्रसते. ती चौकटीत सरसाने चिकटवून टाकलेली असेल तर उभी फाटते. खोलीत ज्या ओलाव्याला ती राहणार त्याच ओलाव्याचं लाकूड घ्या, फळ्या खाचेत मोकळ्या बसवा, सांध्यांना लाकडी खुंट्या आणि पाचरी द्या. एखाद्या सणाच्या सकाळी चार तास जोरात हीटर लावणं हे तर सततच्या थंडीपेक्षा वाईट.

एस्नोगाची गोष्ट निघालीच आहे तर थोडं थांबतो, कारण तिथे मी तीन दिवस बसलो होतो. २ ऑगस्ट १६७५ ला उद्घाटन झालं, वास्तुरचना एलियास बौमनची. सुमारे ३,००० लाकडी खांबांवर ती उभी आहे, आणि ते खांब पाण्याखाली राहतात तोवरच टिकतात. पाण्याची पातळी उतरून हवा लागली की कुजायला लागतात. पाया पाहायला खालून होडीने जाता येतं. वर ७२ खिडक्या, वीज नाही, सुमारे एक हजार मेणबत्त्या. हेखाल ब्राझीलहून आलेल्या जॅकरांडा लाकडाचं, इतकं गडद की ढगाळ दिवशी त्याच्या कडाच तेवढ्या दिसतात. आणि फळ्यांवर बारीक वाळू. ती पावलांची ओल आणि चिखल शोषते, बुटांचा आवाज मारते. कॅरिबियनमधल्या कुरासाओ बेटावरच्या १७३२ च्या सिनेगॉगमध्येही वाळू आहे. तिथे तिचे अर्थ अनेक सांगतात: वाळवंटातली वाटचाल, किंवा पोर्तुगालमध्ये लपून प्रार्थना करताना पावलं वाजू नयेत म्हणून टाकलेली माती. तुमच्या इमारतीत फळ्यांच्या फटीत वाळू सापडली तर ती कचरा म्हणून व्हॅक्यूमने ओढू नका. आधी नमुना बाटलीत भरा, मग समाजाला विचारा.

उजेड हेही सामानच आहे. बेव्हिस मार्क्समध्ये सात पितळी झुंबरं आहेत, आठवड्याच्या सात दिवसांसाठी असं सांगतात. सगळ्यात मोठं ॲमस्टरडॅमच्या समाजाने दिलेलं. पण दिवसा पुस्तक वाचता येतं ते मोठ्या, साध्या काचेच्या खिडक्यांमुळे. म्हणूनच शेजारी उंच मनोरा बांधण्याच्या प्रस्तावाला समाजाने विरोध केला. लंडन शहराच्या नियोजन समितीने तो २०२१ मध्ये नाकारला, आणि पुन्हा आलेला सुधारित प्रस्ताव २०२४ च्या डिसेंबरमध्ये नाकारला. तुमच्या खिडक्यांना रंगीत काच 'शोभेल' असं कुणी म्हटलं तर हे उदाहरण द्या. ज्या खोलीत प्रत्येकाच्या हातात छापील पुस्तक आहे तिथे उजेड काढून घेऊन रंग देणं बरोबर नाही.

जुन्या झुंबरांच्या फांद्या पोखरून आत तारा घालू नका. वीज लागणारच असेल तर छोटे दिवे बाकांच्या पाठीवरच्या पट्टीखाली किंवा गॅलरीच्या कडेमागे लपवा. मेणबत्त्या पेटवणार असाल तर विमा आणि अग्निशमनवाल्यांशी आधीच बोला, मेण झेलणाऱ्या वाट्या मोठ्या करा. आणि पितळ घरच्या समईसारखं चिंच लावून घासू नका. सणाआधी समई चकचकीत करणं आपल्या हाताच्या सवयीत आहे, पण कोरलेली नावं आणि दानाची तारीख प्रत्येक घासणीत थोडी पुसते. मऊ कापड, कोमट पाणी, अगदी थोडा साबण, लगेच कोरडं करणं. काळपटपणा राहिला तर राहू द्या.

स्त्रियांच्या गॅलरीबद्दल: जुनी जाळी होती का, किती उंच होती, हे खुणांवरून कळेल, ती परत लावायची का, हे तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही. तिथे बसणाऱ्या बायकांना विचारा, आणि त्या बैठकीला पुरुष पदाधिकारी नसतील असं पाहा.

सफाई करताना एक नियम कामगारांना पहिल्याच दिवशी सांगा: बाकांखाली, फळ्यांमध्ये, माळ्यावर हिब्रू अक्षरांचा कागदाचा कपटाही सापडला तर तो पोत्यात जात नाही. देवाचं नाव असलेला कागद टाकत नाहीत. तो गेनिझात, म्हणजे असे कागद साठवण्याच्या जागेत, ठेवतात आणि नंतर पुरतात. एक कोरडी, झाकणाची पेटी दाराशी ठेवा. माझ्या अनुभवात अशा पेटीतूनच इमारतीचा खरा इतिहास हाती लागतो: जुनी पावती, लग्नाची पत्रिका, आसनांची यादी.

आपल्याकडचा संदर्भ एवढ्यासाठी की सुट्टीत मुंबईला आलात तर फोर्टमधलं केनेसेथ एलियाहू जरूर पाहा. १८८४ चं, बगदादी ससून कुटुंबाने बांधलेलं. वास्तुसंवर्धक विकास दिलावरी यांनी केलेली दुरुस्ती २०१९ मध्ये पूर्ण झाली आणि त्याच वर्षी तिला युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा पुरस्कार मिळाला. पुण्यातलं १८६७ चं ओहेल डेव्हिडही पाहा. त्याला पुणेकर 'लाल देऊळ' म्हणतात, तर मुंबईत १७९६ मध्ये उभ्या राहिलेल्या पहिल्या सिनेगॉगला बेने इस्राएल 'जुनी मशीद' म्हणत आले. तिथे सागवान आणि समुद्राची हवा आहे, तुमच्याकडे ओक आणि थंडी. पण तेब्याच्या कठड्यावर हात ठेवून हेखालकडे पाहिलंत की अंतराचा अंदाज डोळ्यात बसेल, तो नकाशावरून बसत नाही.

आता लगेच करायचं काम. तुमच्या पत्रात शेवटी लिहिलं आहे की पुढच्या महिन्यात जमीन घासून पॉलिश करण्याचं कंत्राट निघणार आहे. ते थांबवा. वर सांगितलेल्या सगळ्या खुणा त्या घासणीच्या यंत्राखाली एका दिवसात जातील. त्याआधी जमिनीचे तिरप्या उजेडातले फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून, दोन-दोन फुटांच्या चौकोनांत घ्या आणि मला पाठवा. तेबा ज्या टोकाला असावा असं वाटतं तिथून सुरुवात करा.